हातातलं संपू दे

कंपनीनं साइटवर नोटीस लावली: "आमचा सुंदर प्रवास इथे थांबत आहे. महिनाअखेरीस सर्व मजकूर काढून टाकण्यात येईल." वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. प्रवास तुमचा संपला ना, मग उतरा की खाली! आमचं सामान कशाला फेकताय?

त्या सामानात माझी ताई होती. ताई शिलाई मशीनं दुरुस्त करायची आणि कशी करायची ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून त्या साइटवर टाकायची. कुठल्या टोपणनावानं, ते मात्र तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. "तुम्ही ऐकाल आणि खिदळाल," म्हणायची. ती गेल्यावर तिच्या लेकीनं ते शोधूही दिलं नाही. "मावशी, आत्ता नाही ऐकवणार मला. पुढे कधीतरी." आता ते पुढे कधीतरी महिनाअखेरीस पुसलं जाणार होतं. वर कहर म्हणजे साइटवर काही शोधायची सोयही कंपनीनं आधीच बंद केली होती. ताई हवी तर सगळंच वाचवायला हवं होतं.

सगळंच वाचवणारी माणसं असतात, हे मला तेव्हा कळलं. बंद पडणाऱ्या साइटी वाचवायला जगभरातले रिकामटेकडे (हा माझ्या नवऱ्याचा शब्द) आपापल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम चालवतात. तो कंटेनरमध्ये चालतो. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली कडी लावलेली खोली. आत काहीही चालो, बाकीच्या घराला त्रास नाही. वरून पानांचा एक गठ्ठा येतो, प्रोग्रॅम तो उतरवून घेतो, वाचवलेल्या साइटींच्या संग्रहाकडे पाठवतो आणि पुढचा मागतो. कुणाचा गठ्ठा हवा ते आपण निवडायचं नाही. येईल तो उचलायचा.

मी छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळते, मला कंटेनर नवे नाहीत. म्हटलं, एक चालतो तर वीस का नकोत? घरच्या मशीनवर वीस लावले आणि ऐटीत चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत साइटनं आमच्या घराला बंदी घातली! इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून एवढी झुंबड बघून तिनं दारच लावून घेतलं. स्वयंसेवकांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "नवीन दिसतेस. सगळे एकदा हेच करतात. दोन लाव आणि गप बस."

नवरा म्हणाला, "बरं झालं. तसंही तुझ्या ताईचंच तुला मिळेल कशावरून? परक्यांची पानं काय उपसत बसलीस?"

"परक्यांना ताया नसतात का?" मी म्हटलं. मशीन होतं लहानसं. ते काखोटीला मारलं आणि छापखाना गाठला.

तिथे कागदाच्या रिमांमागे दोनच कंटेनर लावले. गुमान चालले बिचारे. स्क्रीनवर नुसती नावं सरकायची. कुणाच्या कुत्रीची बाळंतपणं, कुणाच्या दम्यावर कुणाचा सल्ला, एका बाईनं नवऱ्याला घातलेल्या शिव्या. ताईसारखं काही दिसेना. तरी मी एकही गठ्ठा नाकारला नाही.

शेवटच्या दिवशी मालक मोबाइल नाचवत आले. "कंपनी म्हणते, नक्कल करणाऱ्यांवर कारवाई करू. माझ्या छापखान्यात ही भानगड नको. काढ तो प्लग."

"प्लग नाही काढायचा."

"म्हणजे काय?"

"प्लग काढला की अर्धवट उतरवलेलं सगळं मातीत. त्याला आधी थांब म्हणायचं. मग तो नवीन घेत नाही, हातातलं संपवतो, पाठवतो आणि आपणहून थांबतो."

"मग मी कंपनीशी भांडत बसू?"

"तुम्ही कशाला? मी बसते ना." आणि मशीनला 'थांब' सांगून बसलेच, प्लगला पाठ लावून, खाली फरशीवर. "लोकांनी लिहिलं, लोक बोलले, कंपनीनं नुसतं कपाट दिलं. घेऊन जा म्हणावं तुमचं कपाट! आतलं कुणाच्या बापाचं नाही."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"हातातलं संपेपर्यंत."

मग त्यांनीही स्टूल ओढलं. स्क्रीनवर नाव होतं, 'आजोबांची बासरी'. ते इंच इंच पुढे सरकत होतं आणि आम्ही दोघं बघत होतो. 'पाठवलं' असं आलं. त्यानंतर थोड्याच वेळात साइट उघडेनाशी झाली.

"कुणाचे आजोबा?" मालकांनी विचारलं.

"मला काय माहीत!"

मशीन अजून रिमांमागेच आहे. आता दुसरी एक साइट बंद पडतेय, तिचे गठ्ठे येतात. शेजारी पाटी आहे, 'प्लग काढू नये'. ती मालकांनी स्वतः छापली.

संग्रह सगळ्यांना खुला झाला, त्यानंतर एका दुपारी भाचीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, सापडली." आईचं घरातलं पेटंट वाक्य तिनं संग्रहात टाकून पाहिलं होतं. ताईच्या प्रत्येक ध्वनिफितीचं नावच ते होतं. तिनं फोन स्पीकरजवळ धरला आणि ताई खणखणीत आवाजात ओरडली, "आधी प्लग काढा, मग हात घाला!"

मी हसले, आणि मग रडले, भरपूर रडले. हसेन हे तिला माहीतच होतं, मेलीला.

"मावशी, वाचवणाऱ्याचं नाव इथे 'बोका' असं आहे," भाची म्हणाली. "कोण गं हा? आपला कोण लागतो?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "त्याचे आजोबा माझ्या गठ्ठ्यात आले असतील."