मुंगीचा कापूस

मी होडी बोलतेय. शाळेच्या मागे, मोडक्या बाकांच्या ढिगाशेजारी पालथी पडलेली, तीच. माझ्याजवळ फिरकायची मुलांना बंदी आहे. तुम्ही आलाच आहात, तर दोन शब्द ऐकून जा.

मला मोठ्या माणसांनी नाही, मुलांनी बांधलं. नदीपलीकडच्या मुलांना शाळेत आणणारी जुनी नाव कुजली होती. मुलं लांबच्या उथळ जागेवरून, दप्तर डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून यायची, नाहीतर यायचीच नाहीत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "आपली होडी आपणच बांधू." शिकवायला म्हातारे सुतार आले. त्यांना सगळे बाबा म्हणायचे. शाळेच्या पडवीत माझा जन्म झाला.

काय तो थाट! एकानं करवत चालवायची, दुसऱ्यानं फळीवर बसायचं, आणि बाकीच्यांनी नुसता शहाणपणा शिकवायचा. फळी आगीवर शेकून वाकवताना एकाच्या भुवया जळल्या, तर त्याचं नावच 'भाजका' पडलं. हातोडे खिळ्यांवर कमी आणि बोटांवर जास्त बसायचे. मला दुखायचं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

पलीकडून दोन बहिणी यायच्या. थोरली अखंड बडबडायची, म्हणून ती पोपट. धाकटी तिच्या मागेमागे, म्हणून मुंगी. फळ्यांच्या मधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासतात, म्हणजे पाणी आत येत नाही. ते काम बाबांनी मुंगीला दिलं, कारण तिची बोटं सगळ्यांत बारीक.

"ताई, बघ ना, बसला का नीट?" ती सारखी विचारायची.

"बसला गं बाई! किती डोकं खाशील!" पोपट म्हणायची, आणि तरी दर वेळी वाकून बघायची. मी सांगते, त्या पोरीनं बोटभर जागासुद्धा सोडली नाही.

काम संपलं तेव्हा बाबा म्हणाले, "आता हिला पाणी पाजायचं."

"आम्ही पाजणार? मग हिची जिरलीच!" भाजका म्हणाला. सगळे खिदळले.

"गाढवांनो, तसं नव्हे. दोन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं, फटी आवळतात, कापूस घट्ट धरला जातो. मगच माणसं बसवायची."

पण मोठ्या बाईंना पाहुणे बोलवायचे होते. पाहुण्यांची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. तोवर मला लाल-पांढरा रंग फासून मैदानात भर उन्हात मांडून ठेवलं. येणारा-जाणारा फोटो काढायचा. आणि रंगाखाली माझा सांधा न् सांधा उकलत होता.

"बाई, पाणी पाजायला हवं," बाबा म्हणाले.

"आत्ता बुडवली तर रंगाची वाट लागेल. कार्यक्रम होऊ दे, मग पाजा हवं तितकं."

बाबांनी डोकं खाजवलं. "बरं," म्हणाले. त्या 'बरं'ची मला आजही चीड येते.

फीत कापली, टाळ्या झाल्या. पहिला मान पलीकडच्या मुलांचा. मी जीव तोडून ओरडत होते, पण लाकडाचं ओरडणं म्हणजे नुसती करकर, ती कोणाला कळणार? मध्यावर, खोल डोहापाशी पोचेपर्यंत आतलं पाणी मुलांच्या घोट्यांवर आलं. घाबरून सगळी एका बाजूला सरकली आणि मी उलटले. पोपटनं मुंगीला माझ्या पाठीवर ढकललं. "धर. सोडू नकोस," म्हणाली. एवढ्या बडबड्या पोरीचं तेवढंच शेवटचं बोलणं. बाकीची मुलं वाचली.

चौकशीला साहेब आले. बाई म्हणाल्या, "पोरांचं काम ते. कापूस नीट बसला नसेल कुठेतरी." बाबा तिथंच उभे होते. त्यांनी खाली बघितलं. पाणी पाजायचं राहिलं, हे कोणाच्याच तोंडून निघालं नाही. दाराशी मुंगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

नवी होडी झाली नाही. पलीकडची मुलं आता शाळेत येत नाहीत. मुंगीला तिच्या मामांनी नदीच्या अलीकडे, आपल्या घरी ठेवून घेतलंय, म्हणून ती तेवढी येते. बंदी मोडून माझ्यापाशी बसते आणि फटी चाचपते. पावसात भिजले की माझ्या फटी मिटतात, तिचा कापूस आत घट्ट बसतो. पण पावसात ती येत नाही. ऊन पडलं की येते, तेव्हा फटी पुन्हा उघड्या असतात.

"राहिलाच होता," असं पुटपुटते. मग उशीतून काढून आणलेला कापूस खिशातून बाहेर काढते, जीभ दातांत धरून भरायला लागते. भरून झालं की मागे वळून विचारते, "बसला का नीट?"

आणि थांबते.

मला जीभ नाही. बाबा या बाजूला फिरकत नाहीत. तुम्हाला तरी जीभ आहे ना? ती येईलच आता, ऊन पडलंय. तिला एवढंच म्हणा, बसला गं बाई. पहिल्या वेळीच नीट बसला होता.