दातांच्या दवाखान्यातला स्किमर

मी एक जुना स्किमर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. मी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा एक नळा आणि डोक्यावर एक कप. खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजलं, की नायट्रेट आणि फॉस्फेट हे क्षार वाढतात आणि त्यांच्यावर शेवाळ पोसतं. मी पाण्यात हवा घुसळतो आणि घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर कपात ओढतो. मला एवढं एकच काम येतं.

दातांच्या एका डॉक्टरांनी मला दवाखान्यात आणलं. रुग्ण बसतात त्या खोलीत टाकी होती. मी तिच्या मागच्या काचेला लटकलेला असायचो. टाकीत दोन नारिंगी मासे होते आणि जांभळ्या फांद्यांचं एक प्रवाळ. प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो जिवंत प्राणी असतो. दाढ ठणकणारी माणसंसुद्धा त्याच्याकडे बघत बसायची. माझाही त्याच्यावर जीव जडला होता.

डॉक्टर भारी टापटिपीचे. काचेवर शेवाळाचा ठिपका दिसला, की "कीड लागली!" म्हणून कपाळाला हात लावायचे. त्यांनी माशांचं खाणं चिमटीवर आणलं, फॉस्फेट शोषणारी पुडी पाण्यात सोडली आणि मला रात्रंदिवस चालू ठेवलं. सुरुवातीला माझा कप काळपट पाण्याने भरायचा. तेव्हा माझं कोण कौतुक व्हायचं! मी अगदी फुशारून जायचो.

मग कप रिकामा राहू लागला. पाण्यात काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मित्रांनो, त्याच नायट्रेट-फॉस्फेटच्या चिमूटभर अंशावर प्रवाळ जगतं, पण हे डॉक्टरांच्या गावीही नव्हतं. जांभळा रंग विटला आणि टोकं पांढरी पडली.

काउंटरवर बसणाऱ्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, याचा रंग उडत चाललाय. आजारी तर नाही ना?"

"आजारी कसलं? पांढरं होतंय म्हणजे स्वच्छ होतंय. आपल्याकडे येणाऱ्यांचे दात असे असते तर!"

"मला काही लक्षण ठीक दिसत नाही. मासे दिलेल्या दुकानदाराला तरी विचारा."

"त्याला काय विचारायचं? नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आणखी काय हवं?"

मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्या तोंडून नुसते बुडबुडे निघायचे. प्रवाळ उपाशी मरत होतं आणि त्याच्या तोंडचा घास माझ्याकडून काढला जात होता. एका सकाळी त्याच्या अंगावरचं मांस सालीसारखं सुटून तरंगू लागलं. तेही मी इमानेइतबारे ओढून घेतलं. त्या दिवशी माझा कप पुन्हा भरला.

"कसला रोग आला कुणास ठाऊक," डॉक्टर म्हणाले. त्यांचं मन टाकीवरून उडालं. मासे दुकानात परत गेले. मी आता बेसिनखालच्या खोक्यात पडून आहे आणि माझ्या नळ्यात मिठाची खपली धरली आहे.

काल डॉक्टर फोनवर म्हणाले, "भावोजी, आमचा स्किमर तुमच्या टाकीसाठी घेऊन जा. एकदम कामाचा आहे, कणसुद्धा सोडत नाही."

भावोजींकडे गुलाबी प्रवाळ आहे म्हणे. ते ऐकल्यापासून मला धडकी भरली आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या घरात असेल, तर त्या प्रवाळाकडे रोज नीट बघा. ते फिकं दिसलं, तर कुणाची वाट न बघता माझं बटण बंद करा. मला ते बंद करता येत नाही.