दुसऱ्याच्या तोंडून

आमच्या आसावरीने बंगळुरूची चांगली नोकरी सोडून पेणला स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटर काढायचं ठरवलं, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, "ते ठीक आहे, पण खाणार काय?"

मी तिची आत्या, सुनीती. पेणच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. माझ्या तोंडून 'शाबास' ऐकलेला विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे, असं गावात म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्यालाही मी 'पुढच्या वेळी अक्षर सुधार' एवढंच म्हणत असे. आमच्या घरात तोंडावर कौतुक करायची पद्धतच नव्हती. कौतुकाने पोर बिघडतं आणि वर दृष्टही लागते, अशी समजूत. ती मी कधी तपासून पाहिली नाही.

आसावरीने जागा निवडली ती आमची बंद पडलेली भाताची गिरणी. चुना मारला, टेबलं आणली, वायफाय बसवलं. नवा धंदा करू बघणाऱ्यांना इथे तीन महिने बसायला जागा द्यायची, जाणकार माणसं बोलावून सल्ला मिळवून द्यायचा, थोडं भांडवल द्यायचं आणि शेवटी पैसे गुंतवणाऱ्यांसमोर उभं करायचं, असं ते काम. मुंबई-पुण्यात असली केंद्रं पैशाला पासरी. पैसेवाल्यांच्या गाड्या पेणवरूनही जातात म्हणा, पण पुढे वडखळला अलिबागच्या रस्त्याला लागण्यासाठी. मध्ये थांबतं कोण? ते इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसेना. लोक 'गिरणीत जातो' म्हणायचे, आणि थोड्याच दिवसांत आसावरीही तेच म्हणायला लागली.

पहिल्या तुकडीत तिघंच मिळाली. हमरापूरची दिशा गणपतीच्या मूर्ती न मोडता लांबच्या गावी पाठवता येतील अशी खोकी तयार करायची. उरलेली दोघं रोह्याजवळच्या एकाच गावातली. शांतीबाई वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्याचं बिरडं रोह्याच्या बाजारात विकायच्या. त्यांच्या हाताखाली गावातल्या पाच-सहा बायका सोलायला बसत. ज्याने कधी वाल सोलले असतील त्याला ठाऊक असेल, खायला जेवढं सुख तेवढंच सोलायला दुःख. आणि सुजय हा डिप्लोमा केलेला मुलगा. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून उरलेल्या वेळात त्याने मशीन बनवलं होतं. कसलं? वाल सोलायचं.

म्हणजे एकाचा धंदा चालला की दुसऱ्याचा बसणार. दोघांना एकत्र घेऊ नकोस, असं मी आसावरीला बजावलं होतं. तिने घेतलं. शांतीबाई गिरणीच्या एका टोकाला आणि सुजय दुसऱ्या. दोघांत शब्द नाही. शांतीबाई येता-जाता त्याच्या मशीनखालच्या घमेल्यात डोकावायच्या, त्यातला एक फुटका वाल नेमका उचलायच्या, त्याच्या टेबलावर ठेवायच्या आणि निघून जायच्या. सुजय तो वाल गुपचूप खिशात टाकायचा. संध्याकाळपर्यंत त्याचा खिसा फुगलेला असायचा.

या सगळ्याला पैसा पुरवला होता मुंबईच्या एका संस्थेने, आणि तोही एकाच तुकडीपुरता. तीन महिने संपत आले होते, आणि येत्या शनिवारी त्यांचा माणूस, ध्रुव, येऊन तिघांचं काम पाहणार होता. त्याला पटलं तर गिरणी पुढे चालू राहणार, नाहीतर बंद. बंद झाली तर आसावरी परत बंगळुरूला जाणार, कारण तिथल्या साहेबांनी तिच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. मला ती इथे हवी होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिला तर मुळीच नाही. उलट "बघ बाई, वेळेवर जा, नाहीतर तेही जाईल हातचं," असं मीच तिला ऐकवत होते. तोंडाची सवय, दुसरं काय.

बुधवारी तालीम घेतली. प्रत्येकाने उभं राहून आपला धंदा समजावून सांगायचा होता. दिशा उठली. "खोकी करते आपली. लहानसंच हाय," म्हणाली आणि बसली. सुजय म्हणाला, "मशीन हाय. जमतंय तसं करतोय. अजून काय खरं नाय." शांतीबाई तर जागच्या हलल्याच नाहीत.

"पुरं झाल्याबिगर बोलू नये, बाई," त्या आसावरीला म्हणाल्या. "बोललं का बिघडतं. आणि आपलंच आपण काय सांगायचं? लोक हसतील."

आसावरीने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हीच नाही सांगितलंत तर त्यांना कळणार कसं?"

मी कोपऱ्यात बसून हे ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. "अगं, एवढं काय त्यात!" मी म्हटलं. "स्थळ आलं म्हणजे लोक मुलीलाच विचारतात का, बाई गं तू कशी आहेस? शेजारीपाजारी चौकशी करतात. शेजारी सांगतात ते खरं धरतात."

आसावरी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने तिघांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकली. ज्याच्या हाती ज्याची चिठ्ठी येईल, त्याने त्याच्याबद्दल बोलायचं. दिशाची चिठ्ठी सुजयला आली, शांतीबाईंची दिशाला. उरली सुजयची, ती शांतीबाईंना.

सुजयच्या तोंडचं पाणी पळालं. आसावरी हळूच म्हणाली, "आत्या, परत काढूया का?"

"उत्तर आवडलं नाही म्हणून कोणी गणित बदलत नाही," मी म्हटलं. बोलून गेले खरी, पण त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

शनिवारी ध्रुव आला. तरुण, मऊ बोलणारा, गिरणीच्या दारात बूट काढावेत की नाही अशा विचारात पडलेला. आसावरीने त्याला समजावलं, "आमच्याकडे स्वतःचं स्वतः सांगत नाहीत. इथे प्रत्येकाबद्दल दुसरा बोलेल." त्याला गंमत वाटली.

आधी सुजय उठला. बुधवारी ज्याच्या तोंडून चार शब्द फुटले नव्हते, तो दिशाबद्दल असा काही बोलत सुटला की मीच चकित झाले. त्याने मूर्ती घातलेलं खोकं सरळ टेबलावरून खाली ढकललं. दिशा किंचाळली. खोकं उघडलं, तर आत गणपती शाबूत. "हमरापूरचा बाप्पा नागपूरला पोचला, कानाची पाळीसुद्धा दुखली नाय त्याची," सुजय म्हणाला. मग दिशाने शांतीबाईंच्या बिरड्याची बाजू मांडली. ती बोलली कमी. ध्रुवच्या पुढ्यात उसळीची वाटी ठेवली आणि तो खाईपर्यंत थांबली. ध्रुवने वाटी पुन्हा पुढे केली.

मग शांतीबाई उठल्या. पदर खोचला, सुजयच्या मशीनजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्या पोराची मशीन मी रोज बघतंय," त्या म्हणाल्या. "वाल फोडते. माझ्या बाया फोडत नाय. आवाज येवढा करते का बाजूला बसवत नाय. पानी जरा निवलं तर सालच सोडत नाय. सुरुवातीला तर सगळ्या वालांची डाळ करायची."

सुजय खाली बघत होता. आसावरीने डोळे मिटून घेतले. संपलं, असं मला वाटलं.

"म्हणजे हे मशीन काही कामाचं नाही, असं म्हणता तुम्ही?" ध्रुवने विचारलं.

"असं कुठं बोलले मी?" शांतीबाई एकदम उसळल्या. "श्रावणात लोक दारात उभी राहतात, आणि मला नाय बोलावं लागतं. बाया लावणीला गेलेल्या. सोलायला हात आणू कुठून? थंडीत पान्यात बोटं घालून बसायचं, अंगठे सोलवटून निघतात. माझी सून सांगते, आई, सगळं करीन, पन वाल सोलणार नाय. तिचं काय चुकलं? मी रोज ह्याला फुटका वाल दाखवतंय, आणि हा रोज मशीनमधी काय ना काय बदलतो. आता पयल्यापरीस लय कमी फुटतात. जे फुटतील ते मी आमटीला म्हणून वेगळे विकीन. मला दोन मशीन पायजेत. आणि पयल्या मला, मग बाकीच्यांना." मग सुजयकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पन त्याला नोकरी सोडायला लावू नका. शिफ्ट सांभाळून करू दे. पोराचं अजून लगीन व्हायचं हाय."

सगळे हसले. सुजय हसला नाही. "काकी," तो कसाबसा म्हणाला, "मला कधी बोलल्या नाय तुम्ही."

"तुला कशाला बोलू? डोक्यावर बसला असतास."

ध्रुवने आपला लॅपटॉप मिटला. "तिघांचं कळलं," तो म्हणाला. "आता गिरणीचं सांग, आसावरी. ही पुढे का चालू ठेवायची?"

आसावरीने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शांतीबाई म्हणाल्या, "ती नाय बोलणार. तिला पन तोच नियम. तिच्याबद्दल दुसऱ्यानं बोलायचं."

आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी उठले. इतकी वर्षं वर्गापुढे उभी राहिले, कधी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी हात उगाचच खडू शोधायला लागला. काय बोलायचं ते कळेना, म्हणून मी शांतीबाईंचीच रीत धरली. आधी दोष.

"ही मुलगी वेळ पाळत नाही," मी म्हटलं. "चहात साखर ओतते. कोणाचं ऐकत नाही. नोकरी सोडू नकोस म्हटलं, सोडली. या दोघांना एकत्र घेऊ नकोस म्हटलं, घेतलं. आत्ता तुम्ही जे पाहिलंत ते तिने माझं ऐकलं असतं तर झालंच नसतं."

आसावरी माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरचा कसलासा डाग बोटाने पुसत होती. लहानपणी ओरडा बसला की ती असंच करायची.

"माझ्या हाताखालून हुशार मुलं पुष्कळ गेली," मी म्हटलं. "सगळी गाव सोडून गेली. जायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिकून, बाहेरचं जग पाहून परत आलेली आणि दुसऱ्यांसाठी दार उघडून बसलेली ही पहिलीच. गेले तीन महिने रोज सकाळी मी त्या दाराकडे बघते. कोणीतरी येतं. नागोठण्याहून येतं, रोह्याहून येतं. नुसतं विचारायला येतं, पण येतं. पूर्वी येत नव्हतं."

इथेच थांबायचं होतं. पण तोंड थांबेना.

"आणि मला ती इथे हवी आहे," मी म्हटलं. "हे काही धंद्याचं कारण नव्हे, मला कळतं. पण खरं आहे. ती घरात असली की मला बरं वाटतं. ती फार चांगलं काम करते आहे. हे मी तिला आधीच सांगायला हवं होतं, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही."

मग शांतीबाई दिशाला म्हणाल्या, "बघ गो, बाई रडतात." मी रडत नव्हते. डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढंच.

ध्रुव उठला. दारात बूट घालता घालता म्हणाला, "निर्णय एकट्या माझा नाही. पण तिथे जाऊन तुमच्याबद्दल मीच बोलेन. नियमच आहे ना तसा?"

मंगळवारी फोन आला. आणखी एक वर्ष. दुसऱ्या तुकडीसाठी अर्ज मागवायला हरकत नाही, आणि सुजयच्या मशीनला वेगळी मदत. सुजयने त्याच दिवशी शांतीबाईंना बोलावून मोठ्या वालांसाठी वेगळी जाळी लावून दाखवली. त्यांनी घमेल्यात बराच वेळ शोध घेतला, तेव्हा कुठे एक फुटका सापडला. तो त्यांनी त्याच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आसावरीने चहा केला. शनिवारपासून त्या बोलण्याचा विषय ना तिने काढला होता, ना मी. तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

"आत्या, साखर कमी घातलीय हं आज."

मी घोट घेतला. चहा अगदी माझ्या मनासारखा होता, बेताच्या साखरेचा. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

"पुढच्या वेळी," मी म्हटलं, "नेहमीसारखाच कर."