भाऊंकडे दुसरी टीम

डाव्या बॅकला विश्रांती.

दिव्यात आज पाणी साडेपाचला.

कप गेला तरी चालेल, लीग पाहिजे.

फ्रीजच्या दारात न फोडलेल्या दुधाच्या पिशव्या.

बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

मेसेज वाचला: तिघांनी.

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण साकेतची तिथूनच झाली. शनिवारी दुपारी कल्याणच्या घरात जेवून तो आडवा झाला होता, हातात फोन. ग्रुपचं नाव ‘बेंचवरचे’. ग्रुपमध्ये माणसं चार: साकेत, घोडबंदरचा मितेश, दिवा स्टेशनजवळची संचिता आणि रत्नदीप. रत्नदीपला जाऊन अकरा महिने झाले होते. त्याला ग्रुपमधून काढायचं कोणी, हा विषय कोणी काढला नव्हता. नंबर कधीतरी आपोआप बंद पडेल, असं प्रत्येकानं मनाशी धरून ठेवलं होतं.

सकाळी साकेतनं ग्रुपवर लिहिलं होतं: ‘भाऊंकडची मॅच म्हणजे कपची दुसरी फेरी. तिथे फर्स्ट टीम कशाला झिजवायची?’ त्याखाली मितेशचे हसण्याचे सहा चेहरे, संचिताचा एक. आता सहज चाळा म्हणून त्यानं त्या मेसेजवर बोट दाबून धरलं, तर कोणी वाचलं त्यांची यादी उघडली.

मितेश. संचिता. रत्नदीप.

त्याला काही वाटलं नाही. निदान लगेच तरी नाही. त्यानं फोन पोटावर उलटा ठेवला आणि पंख्याकडे बघत राहिला. पंखा तीनवर होता. चारवर केला तर कुरकुरायचा.

आता हे भाऊंकडच्या मॅचचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. भाऊ म्हणजे रत्नदीपचे वडील. डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर बापलेक दोघंच राहायचे. नऊ वर्षं ही चौकडी त्याच घरात शनिवारी-रविवारी मॅच बघत आली. क्लब इंग्लंडातला. त्या शहरात यांच्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं, जायची शक्यताही दिसत नव्हती, पण बोलताना ‘आपण’. आपण हरलो. आपण मिडफिल्डर घ्यायला पाहिजे होता. आपल्याला रेफरीनं मारलं.

रत्नदीप गेल्यावर पहिले दोन महिने तिघंही न चुकता गेले. भाऊ दार उघडायचे, टीव्ही आधीच लावलेला असायचा, चॅनेलसुद्धा बरोबर. मग मितेशनं प्रोजेक्टर घेतला. भिंतभर मॅच दिसायला लागली. एका मोठ्या मॅचला तिघं मितेशकडे गेले आणि भाऊंना फोन करायचं राहून गेलं. भाऊंनीही विचारलं नाही. त्यानंतर संचितानं तक्ता केला. गंमत म्हणून सुरू केला आणि मग तोच पाळला जाऊ लागला.

*लीग, मोठी मॅच: सगळे मितेशकडे.*
*लीग, साधी मॅच: दोघं मितेशकडे, एक भाऊंकडे.*
*कप: एक भाऊंकडे, बाकीचे आपापल्या घरी.*
*युरोपातली स्पर्धा: मध्यरात्री असते, भाऊ झोपतात. प्रश्न नाही.*

वाद मात्र अगदी खरे असत. मितेशचं म्हणणं, मोसमात साठ मॅचेस. त्याच अकरा जणांना पळवलं तर मार्चमध्ये सगळे लंगडत असतील, तेव्हा कपला राखीव पोरं उतरवा आणि लीग जिंका. संचिताला हे पटायचं नाही. लीग आपण काही जिंकत नाही बाबा, ती म्हणायची, चौथे आलो की नाचता. कप निदान हातात तरी येतो. कॅप्टनवरून तर दोघांनी एकदा चार दिवस अबोला धरला. तेहतीस वर्षांचा झालेला कॅप्टन जानेवारीत विकावा, असं मितेशचं मत होतं. अजून कोणी घेतोय तोवर विका, नंतर फुकट द्यावा लागेल. संचिता म्हणाली, चौदा वर्षं खेळलाय तो आपल्यासाठी. तेव्हा साकेतनं लिहिलं होतं की टीम भावनेवर चालत नाही. ते वाक्य दोघांनाही आवडलं, आणि मग ते कुठेही वापरलं जाऊ लागलं.

भाऊंच्या बाबतीतही वापरलं गेलं. भाऊंना फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही, यावर तिघांचं एकमत होतं आणि पुरावाही होता. दर मॅचला हाफटाइम झाला की भाऊ खुंटीवरची पिशवी काढायचे आणि दूध आणायला खाली जायचे. परत यायचे ते दुसऱ्या हाफचा बराच वेळ गेल्यावर. भाऊ स्वतःच स्वतःला सब करून बाहेर बसवतात, मितेश म्हणायचा.

हे सगळं ग्रुपवर लिहिलेलं होतं. अकरा महिन्यांचं.

साकेत उठला. मॅच सहाला होती, मोठी, शहरातल्याच दुसऱ्या क्लबबरोबर. तक्त्याप्रमाणे आज सगळे मितेशकडे. पाणी भरून झालं की संचिता निघणार होती. साकेतनं स्कूटर काढली, घोडबंदरला जायचं म्हणून. पत्रीपुलापर्यंत तो तिकडेच चालला होता. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढच्या टेम्पोच्या मागे लिंबू-मिरची लटकत होती, तिच्याकडे बघत तो दहा मिनिटं उभा राहिला. मग गाड्या हलल्या आणि त्याची स्कूटर डोंबिवलीकडे वळली. ठरवून वळवली असं म्हणता येणार नाही.

दार उघडंच होतं. टीव्ही लावलेला होता, आवाज बंद. भाऊंनी वर बघितलं आणि नेहमीसारखं बस म्हणाले. रत्नदीपची खुर्ची खिडकीपाशी होती. तिच्यावर कोणी बसत नसे आणि ती कोणी हलवतही नसे. साकेत दिवाणावर बसला.

पहिला हाफ सुरू झाला. आपण एक गोल खाल्ला. विश्रांती दिलेल्या डाव्या बॅकच्या जागी जो पोरगा उतरवला होता, त्याच्याच बाजूनं. एरवी साकेत उठून उभा राहिला असता. आज त्यानं फक्त हे बघितलं की गोलकीपरनं हातमोजे काढले आणि परत घातले. मितेशचा फोन आला, त्यानं घेतला नाही.

हाफटाइमला भाऊ उठले, पण पिशवीकडे गेले नाहीत. कपाटातून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला. जुन्या कॅलेंडरचं पान, मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं आखलेलं. भाऊंनी तीस वर्षं एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांचे ड्युटीचार्ट लावले होते. अक्षर अजून तसंच, टाइप केल्यासारखं.

“संचिताला लागोपाठ दोन शनिवार दिलेत तुम्ही,” ते म्हणाले. “तिच्याकडे पाण्याची अडचण असते. असं लावायचं नसतं.”

साकेतनं कागद हातात घेतला. चार महिन्यांचे शनिवार-रविवार होते. काही चौकटी लाल, बाकी प्रत्येकीत एक नाव.

“मितेशला लांब पडतं. त्याला महिन्यातून एकदा पुरे. आणि मोठ्या मॅचला कोणी अडकायचं नाही, त्या मी लाल केल्या आहेत.” त्यांनी बोट ठेवलं. “ही आजची. आज तुझी ड्युटी नव्हती.”

“नव्हती.”

“रत्नदीपचा फोन मी चालू ठेवलाय. वाजला की वाचतो. लिहीत नाही, तुमच्यात माझं काय काम?”

“भाऊ, सकाळचं ते मी लिहिलं होतं.”

“बघितलं. बरोबरच आहे. दुसऱ्या फेरीला फर्स्ट टीम कशाला झिजवायची?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. साकेत तो शोधत होता. टोमणा असता तर त्याला उत्तर देता आलं असतं, माफी मागता आली असती, काहीतरी हललं असतं. भाऊ कामाचं बोलत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा मुद्दा घेतला.

“एक चूक मात्र आहे तुमच्या तक्त्यात. येणारा कोण ते लिहिलंय, जाणाऱ्याचं लिहिलेलं नाही. बॉयलरवर आमचा पहिला नियम काय होता? बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पोट दुखू दे, घरून निरोप येऊ दे. माणूस समोर दिसला की मग उठायचं.”

“इथे बॉयलर कुठे आहे, भाऊ?”

“नाही ना,” भाऊ म्हणाले आणि खुंटीवरची पिशवी काढली. “मी दूध घेऊन येतो.”

साकेत उठला. “द्या, मी आणतो.”

“तू बस. मी येईपर्यंत उठू नकोस.”

त्यांनी चपला घातल्या. दारात थांबून त्यांनी एकदा मागे वळून बघितलं. साकेत बसला आहे ना, एवढंच. मग जिन्यावर पावलं वाजत गेली.

तो बसला. दुसरा हाफ सुरू झाला. टीव्हीवर साठ हजार माणसं तोंडं उघडत होती आणि खोलीत शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. रिकामी खुर्ची त्याच्या उजव्या हाताला. ग्रुपवर मितेशचा मेसेज आला: ‘कुठे मेलास?’ लगेच पुढचा: ‘संचिता पोचली. तू?’ साकेतनं उत्तर टाइप केलं, मग आठवलं की हे इथेसुद्धा वाचलं जाईल. आतल्या खोलीत कुठेतरी, चार्जिंगला लावलेल्या फोनवर. त्यानं पुसून टाकलं.

एकसष्टाव्या मिनिटाला कॅप्टन मैदानात उतरला, तोच, मितेशला विकायचा होता तो. सहासष्टाव्याला आपण बरोबरी केली. गोल कोणी मारला ते साकेतला कळलं नाही, तो दाराकडे बघत होता. त्याचा पाय बधिर झाला होता. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात होता, चार पावलांवर. तहान लागली होती, पण तो उठला नाही.

सत्तराव्या मिनिटाच्या पुढे केव्हातरी भाऊ वर आले. धापा टाकत. त्यांनी आधी साकेतकडे बघितलं, बराच वेळ, छातीकडे, श्वास मोजावा तसं. मग चपला काढल्या.

“आलो,” ते म्हणाले. “आता तू मोकळा.”

साकेतनं त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि दूध फ्रीजमध्ये ठेवायला गेला. फ्रीजच्या दारात आधीच्या पिशव्या होत्या, एकही फोडलेली नाही. सगळ्यात मागच्या पिशवीवरची तारीख गेल्या शनिवारची होती. त्यानं नवी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली, पाणी प्यायला आणि दार लावलं.

“किती झाले?” भाऊंनी बाहेरून विचारलं.

“एक-एक.”

“बरं.”

मॅच तशीच संपली. साकेत गेला नाही. त्यानं टीव्हीखालची पेन्सिल घेतली आणि कागदावर पुढच्या शनिवारच्या चौकटीत संचिताचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. भाऊंनी कागद उलटा फिरवून बघितला, तिरकं आलेलं अक्षर त्यांना आवडलं नसावं. त्यांनी चौकटीच्या खाली, बारीक अक्षरात, वेळ घातली: हाफटाइम ते भाऊ परत येईपर्यंत.

रत्नदीप गेला त्या शनिवारी मॅच नव्हती. देशादेशांचे सामने होते म्हणून लीगला सुट्टी होती, तिघांपैकी कोणी आलं नव्हतं, आणि भाऊ दूध आणायला खाली गेले होते.