गंगीच्या पायातली काळी पट्टी

गंगी व्याली तेव्हा रत्नाने गावात कुणाला पेढा दिला नाही. डुकरिणीच्या बाळंतपणाचा पेढा खाणार तरी कोण? एरंडोलच्या रस्त्यालगत त्यांचं शेत, शेतात पत्र्याची शेड आणि शेडमध्ये पांढरीफेक विलायती डुकरं. नवरा प्रेमराज धुळ्याला जाऊन वराहपालन शिकून आला, आणि बांधापलीकडे राहणाऱ्या थोरल्या जावेने, यशोदाबाईने, बोलणं टाकलं. बाई दर चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीला जाणारी. शेजारी डुकरं आली म्हटल्यावर तिने रत्नाच्या हातचं पाणीसुद्धा सोडलं.

आता गंगीला पिल्लं तर झाली, पण ती उठेना. पुढचे पाय रोवायची, अंग उचलायची आणि मागचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकून धप्पकन खाली बसायची. पडल्यापडल्या कूस बदलायला गेली की लुचणारी पिल्लं खाली सापडायची भीती. प्रेमराज म्हणाला, "रविवारलोंग उठनी ते ठीक, नही ते व्यापारीले दी टाकसूत."

गंगी एवढीशी असताना रत्नाने तिला बाटलीने दूध पाजलं होतं. तिला टेम्पोत घालून कापायला न्यायचं, हे तिला बघवणार नव्हतं.

एरंडोलहून जनावरांचे डॉक्टर हितेंद्र आले. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि पायाने फरशी घासून बघितली. "धुऊन धुऊन आरसा केलाय हिचा. घसरून मांड्या ताणल्यात. खाली जाड कडबा-गवत अंथरा, कूस पालटत राहा. मी उद्या येतो, मग पुढचं बघू."

आता रत्नाचा स्वभाव सांगायला हवा. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी आपलं लक्ष नव्हतं असं तिला कधी वाटायचं नाही. आज दारावरून कोण नजर लावून गेलं, ते ती आठवत बसायची. माहेर बोदवडला, स्टेशनाजवळ, बापाचं चहाचं दुकान. दावं कसं धरतात ते ती लग्नानंतर शिकली. संशय मात्र माहेरूनच बांधून आणलेला.

डॉक्टर गेल्यावर ती कापूस वेचायला गेली. दुपारी परतली, तर गंगी डाव्या कुशीवर ठेवलेली ती उजव्या कुशीवर. घमेल्यात पाणी काठोकाठ. प्रेमराज तर सकाळीच धरणगावला गेलेला. मग आलं कोण? तिने बांधापलीकडे बघितलं. यशोदाबाईच्या अंगणात दोरीवर लुगडं वाळत होतं, अजून पाणी ठिबकत होतं. पहाटे न्हाऊन पूजा करणारी बाई भर दुपारी पुन्हा कशाला न्हाते? काहीतरी करून आली असणार!

तिने शेडमधला कोपरान् कोपरा धुंडाळला. शेवटी गंगीच्या पायांवरचं गवत बाजूला केलं आणि तिच्या अंगावर काटा आला. मागचे दोन्ही पाय काळ्या कापडाच्या पट्टीने एकमेकांना बांधलेले. पट्टीला पिवळी हळद फासलेली. काळं कापड, हळद आणि गाठी! करणी म्हणायला आणखी काय लागतं? उठेना म्हणून आम्ही रडतोय, आणि इथे पायच बांधून ठेवलेत!

रत्नाने विळ्याने पट्टी कापली, काठीच्या टोकाने उचलली आणि बांधावर नेऊन मीठ-मिरच्या टाकून पेटवली. नाव घेतलं नाही, पण घेतल्यासारखंच ओरडली, "मन्ही गंगीवर ज्यानी करं, त्याना हात झडोत!"

यशोदाबाई दारात सुपात तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, जळणाऱ्या पट्टीकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"खाई त्याले खवखवे," रत्ना स्वतःशीच म्हणाली आणि तिला फार बरं वाटलं.

दिवस मावळायच्या आत गंगीने पुन्हा उठायचा प्रयत्न केला. या वेळी चांगली अर्धी उठलीही. मग मागचे पाय पार फाकले आणि ती पडली ती एका पिल्लावर. रत्नाने जिवाच्या आकांताने तिला ढकललं, पण पिल्लू गेलं होतं. ते पदरात घेऊन ती रडली. रडतानाही तिच्या तोंडी जावेचेच शिव्याशाप होते.

सकाळी डॉक्टरांनी गंगीचा मागचा पाय हातात घेतला. केसांवर पिवळा डाग होता. "बांधलेलं सोडलं कुणी?"

"काय बांधेल व्हतं?" रत्नाने विचारलं.

"हळद-तेल चोळून, मऊ कापडाने पाय बांधले होते ना? ही बघा खूण. असं मधे अंतर ठेवून बांधलं की पाय फाकत नाहीत. मी आज तेच करणार होतो. सोडायला नको होतं, ताई."

प्रेमराज हळूच म्हणाला, "तू येवाना आगोदर आमनी म्हैस अशीच घसरनी व्हती. वैनीनी बांधीसन उठाडी तिले."

रत्नाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती बांधावर गेली. "अक्का, मन्हं चुकनं."

यशोदाबाई उंबऱ्यातूनच बोलली. "तुन्हा डुकरं माले आज बी नकोच. पन लेकुरवाळी ती, तिना जीव तळमळे ते माले दखायनं नही. तू घर नही हाई दखीसन वुनू, बांधं, नि मंग घर जाईसन आंग धोयं."

"आते बी या ना, अक्का. बांधी द्या."

"नही. मी हात लावसू, नि उद्या आखो एखादं पिल्लू मरी, ते मन्हं नाव लेशी." ती आत गेली, काळा जुना परकर घेऊन आली, टर्रकन त्याची पट्टी फाडली आणि बांधावरून पलीकडे टाकली. "तू बांध. मी आठेथीन सांगस."

रत्नाने बांधलं. बांधावरून आवाज येत राहिला, "दोन्ही पायमा वीतभर जागा ठेव. गाठ बाहेरना अंगले. आवळू नको वं, बोट जावाले पाहिजे!" मग पोटाखालून गोणपाट घालून एका बाजूने प्रेमराजने, दुसऱ्या बाजूने डॉक्टरांनी उचललं. गंगी थरथरली, डुगडुगली, आणि उभी राहिली. पिल्लं तिच्या पायांत शिरली.

"अक्का, उठनी वं!" रत्ना हसत-रडत वळली. बांधावर कुणी नव्हतं.

रविवार आला आणि गेला. गंगी आता शेडभर हिंडते. रत्ना अजूनही दुपारी कापूस वेचून आली की आधी गंगीकडे बघत नाही, बांधापलीकडच्या दोरीकडे बघते. ओलं लुगडं दिसेल, असं तिला रोज वाटतं. दोरी कोरडीच असते.