सुटे सूर

मी व्हायोलिन. आपणहून बोलायची मला सवय नाही. आजवर कुणी गज फिरवला की मगच माझं तोंड उघडायचं. आता गज फिरवणारं कुणी राहिलं नाही, म्हणून माझं मीच बोलतोय. सावकाश बोलतो, सांभाळून घ्या.

मला एका सुतारानं घडवलं. तो खुर्च्याही करायचा, त्यामुळं माझी मान जराशी खुर्चीच्या पायासारखी आहे. पुढची फळी मऊ लाकडाची, पाठ कठीण लाकडाची. माणसानंही असंच असावं, असं तो म्हणायचा. त्याच्या खिडकीत मी दोन वर्षं टांगलेला होतो. मग एक शिंपी आला. घरून निघाला होता मुलासाठी शिलाई मशीन आणायला, आणि घेऊन गेला मला. त्याच्या बायकोनं मला उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "यावर काजं होतात का?"

तो मुलगा माझा मालक. पुढं सगळे त्याला भाऊ म्हणायला लागले, मीही भाऊच म्हणतो. पहिली तीन वर्षं शेजारी विचारायचे, मांजर पाळलंय का. पण भाऊ हटले नाहीत.

माझ्यात एक खोड आहे. जाड तारेवर वरच्या अंगाला एक सूर घोगरा येतो, थरथरतो. लाकडाचीच खोड ती, तिला औषध नाही. भाऊंनी तिच्यावर तोड काढली होती. तो सूर यायच्या आधी हनुवटी जरा दाबायची आणि गज हलका सोडायचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

मग आम्ही गाण्यांच्या धंद्यात शिरलो. मोठा हॉल, सोळा व्हायोलिनं, चार थोराड, खर्जातले चेलो, आणि काचेपलीकडं गाणारा. सगळे गज एकदम वर, एकदम खाली. कुणाची खुर्ची कुरकुरली तरी गाणं पहिल्यापासून. एकदा बासरीवाल्याला शिंक आली. त्याचं काम संपलं होतं, पण गाणं संपलं नव्हतं. बिचाऱ्यानं तोंडात रुमाल कोंबून दोन मिनिटं शिंक अडवून धरली. ते गाणं गावोगाव वाजलं. लोक डोळे पुसत ऐकायचे, आणि आम्हांला त्या बासरीवाल्याचे बाहेर आलेले डोळे आठवायचे.

नाव म्हणाल तर ते गाणाऱ्याचं, चाल बांधणाऱ्याचं, गाणं लिहिणाऱ्याचं. आम्ही 'आणि साथीदार'. भाऊंना त्याचं दुःख नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसले असताना एखादं गाणं लागलं की म्हणायचे, "हा बघ, आलो मी." न्हावी म्हणायचा, "आलात ते बरं झालं, मान हलवू नका."

आमच्यातल्या एका चेलोवाल्याला सगळे ढोल्या म्हणायचे. त्याची बायको आजारी पडली, तेव्हा पंधरा दिवस पाळीपाळीनं कुणीतरी दवाखान्यात बसलं आणि कुणीतरी त्याचा भाग आपल्या वाद्यावर भरून काढला. न सांगता, न बोलता. या धंद्यात माणुसकी नाही म्हणतात. मी पाहिलेली आहे.

पण पुढं हॉल रिकामा होत गेला. सोळांचे आठ झाले, आठांचे चार. राहिलेले एकमेकांकडं बघायचे नाहीत. पुढचा नंबर कुणाचा, हे कुणालाच विचारायचं नव्हतं.

अशात एक दिवस संगीत संयोजकाचा फोन आला. "भाऊ, तीन दिवसांचं काम आहे. एकट्याचं. तुमच्यासारखा सूर दुसऱ्या कुणाचा नाही."

एकट्याचं. तीस वर्षांत हा शब्द त्या माणसाच्या कानावर पडला नव्हता. भाऊंच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सदऱ्याला इस्त्री केली. म्हणाल्या, "एकट्याचं आहे म्हणजे या वेळी नाव येईल हो."

"येईल की," भाऊ म्हणाले, आणि मला मऊ फडक्यानं दोनदा पुसलं.

खोली लहान होती. समोर एक माइक, काचेपलीकडं यंत्रावर एक माणूस. "एक सूर द्या," तो म्हणाला. "लांब." भाऊंनी दिला. "आता तोच, हळू. आता तोच, जोरात. आता तुटक. आता बोटानं छेडून. हां, आता पुढचा."

तासाभरानं भाऊंनी विचारलं, "गाणं कुठलं आहे?"

"गाणं नाही, भाऊ. नुसते सूर द्या. बाकीचं आम्ही बघतो."

दुपारी बाहेर चहाला ढोल्या भेटला. शेजारच्या खोलीत आला होता.

"एकटाच? काय वाजवतोयस?"

"सुटे सूर घेतायत."

ढोल्यानं कप खाली ठेवला. "घर विकतोयस तू, भाऊ. आणि म्हणतोयस, नुसत्या विटाच नेतायत."

"विटांचं घर आपोआप होतं का रे? बांधणारा हात नको?"

"हात मिळतात," ढोल्या म्हणाला.

भाऊ हसले. सुट्या सुरांतून गाणं होत नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. सोळा जणांत आयुष्य काढलेल्या माणसाला तसंच वाटणार. पुढच्या आठवड्यात ढोल्यालाही असेच सुटे सूर द्यायला बोलावलं. तो गेला नाही. त्यांना दुसरा चेलोवाला मिळाला.

आमच्या कामाच्या तिसऱ्या दिवशी माझ्या खोडीचा सूर आला. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "हा एक खराब येतोय. नाही जमला तर सगळंच बाद करून दुसरा वादक बघावा लागेल." भाऊंना ते लागलं. सकाळपासून दुपारपर्यंत ते त्या एका सुरामागं होते. हनुवटी दाबून दाबून कातडी सोलवटली.

इथं मला एक कबूल करायचंय. मला थरथरता आलं असतं. लाकडाला तेवढं जमतं. मी थरथरत राहिलो असतो, तर ते काम तिथंच मोडलं असतं. पण त्यांचा घाम माझ्यावर ठिबकत होता, आणि मी सरळ वाजलो. इतका सरळ की काचेपलीकडच्या माणसानं टाळी वाजवली.

त्यानंतर फोन आला नाही.

भाऊ रोज माझे सूर लावायचे. मग दिवसाआड, मग आठवड्यानं. वर्षभरानं एकदा मला खांद्याला अडकवून ते हॉल बघायला गेले. हॉल नव्हताच. फळ्या मारून दहा लहान खोल्या केल्या होत्या. एका खोलीचं दार उघडं होतं. आत एक तरुण बाई एकटीच कळफलकापुढं बसली होती. तिनं बोटं ठेवली आणि मीच वाजायला लागलो.

एक नाही, सोळा मी. न खोकणारे, न दमणारे. मधूनच तो खोडीचा सूर आला, स्वच्छ, सरळ. भाऊंचा हात माझ्या पेटीवर घट्ट झाला.

"या ना काका," ती म्हणाली. "ऐका जरा, खरं वाटतं का?"

"खरं वाटतं," भाऊ म्हणाले. "कुणी वाजवलंय?"

तिनं पडद्यावर पाहिलं. "नाव नाही दिलेलं. 'व्हायोलिन तीन' एवढंच आहे." मग आपल्याच नादात बोलत राहिली, "एका खोलीत राहते मी, काका. सोळा माणसं बोलावणं मला या जन्मात जमलं नसतं. हे आहे म्हणून माझी गाणी होतात." खोटं नव्हतं ते. तिच्या डोळ्यांत उजेड होता. तिच्यावर रागवावं असं तिच्यात काहीच नव्हतं, तेच अवघड होतं.

"तुम्हीही वाजवता? वाजवा ना, याच्याबरोबर."

भाऊंनी मला बाहेर काढलं. वर्षभराची सवय तुटलेली, त्यात वय. गज किंचित हलत होता. खोडीचा सूर आला आणि हनुवटी पुरी दाबली गेली नाही. मी घोगरा झालो. तिनं हळूच, मान राखून सांगितलं, "काका, जरा वरखाली होतंय. यात बघा, किती सरळ लागलाय."

"बरोबर आहे तुझं, पोरी," भाऊ म्हणाले.

घरी काकूंनी सगळं ऐकलं. "अहो, मग सांगायचं नाही का तिला?"

"काय सांगू? मला माझ्यासारखं वाजवता येत नाही, हे?"

त्यांनी माझ्या खुंट्या एकेक करून सैल केल्या. तेव्हापासून मी कपाटावर आहे. तारांखालची घोडी पडली आहे, तारा लोंबतायत. माझी तक्रार नाही. वाद्यं जुनी होतात, माणसंही होतात. एवढीच विनंती आहे, एखादं गाणं ऐकताना डोळे पुसायची वेळ आली तर ते कुणी वाजवलं असेल, असं एकदा तरी मनाशी विचारा. उत्तर मिळणार नाही. तरी विचारा.

परवा भाऊंचा हात जास्तच कापायला लागला, म्हणून त्यांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून सांगितलं, थांबा, आणि फोनमध्ये संगीत सुरू झालं. मी कपाटावरून माझाच आवाज ओळखला. भाऊंनीही ओळखला. फोन कानाशी धरून, डोळे मिटून ते बसून राहिले, आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. कुठंही न चुकता. काकू दारात उभ्या होत्या.

मग संगीत तुटलं. कुणीतरी घाईघाईनं म्हणालं, "हां, बोला, काय होतंय?"

भाऊंची बोटं गुडघ्यावर थांबली.

"काही नाही," ते म्हणाले. "मला अजून थोडा वेळ थांबवून ठेवता का?"