वस्तऱ्याखालचा पाहुणा

पॉडकास्ट नावाचा प्रकार जगात आहे, हे रेडिओला एका गिऱ्हाइकाच्या कानातून कळलं. कानामागचे केस कापायला अडचण होते म्हणून त्यानं कानातलं ते पांढरं बोंडूक काढलं, तर आतून एक माणूस ठणठणीत आवाजात म्हणत होता, "अपयशाला घाबरू नका!"

"मी कुठं घाबरतोय?" रेडिओ म्हणाला.

रेडिओ हे टोपणनाव. धंदा केस कापण्याचा. दुकानात दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. सकाळी शटर वर गेलं की हा सुरू व्हायचा आणि रात्री शटर खाली आलं की बंद. शब्दांच्या हिशेबात या माणसाची खर्चाची बाजू भरगच्च आणि जमेला गिऱ्हाइकांचे 'हं'. तरी लोक यायचे, कारण हात सोन्याचा होता.

पण हल्ली गिऱ्हाईक यायचं ते कानाला बूच लावूनच. रेडिओ पाण्याच्या दरावर, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर, आपल्या पित्तावर जीव तोडून बोलायचा आणि आरशात समोरचा माणूस भलत्याच कुणाच्या तरी विनोदाला हसत असायचा. रेडिओचा उत्साह गेला. उत्साह गेला तसा कात्रीचा वेग गेला आणि त्यापाठोपाठ गिऱ्हाइकंही जाऊ लागली.

नेमक्या अशा वेळी मेव्हणा आला. अशा वेळी मेव्हणाच येतो. त्याचं शहरात चकचकीत सलून होतं. गणवेश, छातीवर बिल्ला, मंद उजेड.

"भाऊजी, हे खोकं बंद करा आणि माझ्याकडे या. पगार आहे, पंखा नाही, एसी आहे. अट एकच. आमच्याकडे कारागीर बोलत नाही. 'बसा' आणि 'पुन्हा या', एवढंच. मधे चिडीचूप."

"मधे म्हणजे... पूर्ण केस कापून होईपर्यंत?"

"दाढी असेल तर दाढीसकट."

रेडिओचा चेहरा असा झाला, की बायकोनं त्याला आधी पाणी दिलं. ती दातांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या देण्याचं काम करायची, आणि दुखतंय म्हणून ओरडणाऱ्यांची तिला सवय होती. ती म्हणाली, "हे बघा, या महिन्याच्या शेवटापर्यंत बाक भरलेला दिसला तर दुकान राहील. नाहीतर दादाकडे. आणि तिथं तोंड मिटून."

रेडिओनं एक रात्र विचार केला. गिऱ्हाईक आपलं ऐकत नाही, कारण आपण कानाच्या बाहेर आहोत. आत शिरलं पाहिजे. आपणही पॉडकास्ट काढायचा. विषय तोच, जो त्या बोंडकातल्या माणसाचा होता: धंदा वाढवा, स्वतः वाढा.

आधी शिक्षण. त्यानं कानात बोंडकं घातली आणि सापडेल ते ऐकायला लागला. ऐकता ऐकता तो त्या माणसांशी वादही घालायचा, त्यामुळे खुर्चीतल्याला नक्की कोण रागावलंय ते कळायचं नाही. एका सकाळी कानातला म्हणाला, "जे उपयोगाचं नाही, ते आयुष्यातून बिनधास्त काढून टाका." रेडिओला हे इतकं पटलं, की पोस्टमास्तरांची कॉलेजपासून जपलेली मिशी एका हातासरशी गेली.

"अरे, मिशी!" पोस्टमास्तर किंचाळले.

"तुम्हीच सांगा, काय कामाची होती?"

बायकोलाही गोडी लागली. भांडणं शांतपणे कशी मिटवावीत, हे सांगणाऱ्या एका बाईंचं ती रोज भांडी घासताना ऐकायची. मधे कुणी बोललं की त्याच्याशी कडाडून भांडायची.

मग पहिला भाग. दुकान बंद करून, फोन आरशाला टेकवून रेडिओ खुर्चीत बसला. वर्षानुवर्षं अखंड बोललेला माणूस, पण समोर फोनचा लाल ठिपका लागला आणि त्याच्या तोंडून निघालं, "सुज्ञ श्रोतेहो, व्यवसायवृद्धी या गहन विषयासंदर्भात आज आपणांसमक्ष..."

बायकोनं ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं! पॉडकास्ट आहे तो!"

"मग असं का बोलताय? नेहमीसारखं बोला ना."

"हातात कात्री नसली की मला सुचत नाही."

हे मात्र खरं होतं. म्हणून ठरलं, की पाहुण्याला खुर्चीत बसवायचं आणि काम करता करता मुलाखत घ्यायची. पहिला पाहुणा फरशीवाले शेठ. निम्म्या गावाच्या पायांखाली त्यांचा माल होता. शेठ नवा सदरा घालून आले, आवाजात तो दिसणार नाही हे माहीत असूनही. रेडिओनं फेस लावला, वस्तरा हातात आला आणि गाडी अशी सुटली की विचारू नका. मुलाखत झाल्या झाल्या त्यानं ती जगासमोर टाकलीसुद्धा.

रात्री बायकोनं पूर्ण ऐकली.

"शेठ, तुमच्या यशाचं गुपित काय?"

"हं."

"वा! म्हणजे संयम. माझंही तेच मत आहे. आमच्या पित्ताच्या वेळी..."

पुढे पित्त. मग कुत्रा. मग "शेठ, तुम्ही आयुष्यात हरलात कधी?" आणि शेठ, "हं हं," आणि पुन्हा पित्त.

"यात शेठ कुठंयत?" बायकोनं विचारलं.

"हे काय! हं म्हणतायत ते कोण?"

"प्रत्येक प्रश्न तुम्ही त्यांच्या गळ्यावर वस्तरा असतानाच विचारलाय."

रेडिओ विचारात पडला. असं कुणी त्याला आजवर दाखवलं नव्हतं. "सवय आहे गं," तो शेवटी म्हणाला. "एरवी विचारलं की ते बोलायला लागतात."

"आमचे डॉक्टरही तोंडात हत्यार घालून विचारतात, सुट्टीत कुठं गेला होता म्हणून. पण ते निदान रेकॉर्ड करत नाहीत!"

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. रेडिओला वाटलं, भांडायला आले. शेठ खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बायको मला म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही कुणाचं तरी ऐकून घेतलंत. आता पुन्हा मुलाखत घे. या खेपेला मला बोलू दे, नाहीतर घरी कायम हेच चालेल."

पण बोलू द्यायचं कसं? हात चालला की तोंड चालणार. तोडगा बायकोनं काढला. "प्रश्न विचारायचा आणि लगेच कंगवा दातांत धरायचा. उत्तर संपेपर्यंत सोडायचा नाही."

रेडिओनं विचारलं, "शेठ, धंद्यानं तुम्हाला काय शिकवलं?" आणि कचकन कंगवा चावला.

शेठ आधी ठरलेलं बोलले. सचोटी, मेहनत वगैरे. मग थांबले. समोरून काही येईना. शांतता माणसाला टोचते. "खरं सांगू का," शेठ म्हणाले, "मी कुणाकडे गेलो की माणसं बघतच नाही. खाली बघतो. मुलासाठी मुलगी बघायला गेलो होतो ना, सुनेचा चेहरा काही लक्षात राहिला नाही. त्यांच्या व्हरांड्यातली तिसरी फरशी हलते, ते अजून आठवतं. सून आता घरात आहे. चांगली आहे. पण कुठल्या रंगाच्या डोळ्यांची, विचाराल तर..."

रेडिओच्या कपाळावर घाम. कंगव्याचे दोन दात तुटले. पण तो बोलला नाही.

हा भाग लोकांनी ऐकला, शेजाऱ्यांना ऐकवला, आणि शेठ त्या दिवसापासून मान वर करून चालायला लागले. दोनदा ठेच लागली ते सोडा. बाक भरला. लोक केस वाढायच्या आत कापायला येऊ लागले. पोस्टमास्तर तर कापण्यासारखं काही उरलेलं नसताना आले आणि मिशीवर बोलून, डोळे पुसून गेले.

महिना संपताना मेव्हणा आला. भरलेला बाक बघून त्यानं पवित्रा बदलला. "भाऊजी, हे तर उत्तम झालं! हा कार्यक्रमच घेऊन या माझ्याकडे. आधी माझी मुलाखत घ्या, आमच्या सलूनची जाहिरात होईल." आणि बसलाच खुर्चीत.

बायको फोन धरून उभी राहिली. रेडिओनं फेस लावला, दाढी पूर्ण केली, वस्तरा खाली ठेवला. मग विचारलं, "मेव्हणे, तुम्ही स्वतःचे केस कुठं कापता?" आणि कंगवा दातांत.

"कुठं म्हणजे? आपल्याच... म्हणजे आमची सेवा जागतिक..." मेव्हणा थांबला. बाकावरचे सगळे पुढे झुकले. "तिथं नाही कापत," तो हळूच म्हणाला. "तिथं बसलं की आपलं शवविच्छेदन चाललंय असं वाटतं. कुणी बोलतच नाही हो! मी स्टेशनामागे एका म्हाताऱ्याकडे जातो. त्याच्या जावयाची नोकरी गेलीय, मला रात्री झोप येत नाही त्या काळजीनं." मग दचकून तो बहिणीकडे वळला. "अगं, हे काढून टाकता येईल ना?"

"दादा, इथं फक्त केस काढता येतात." तिनं फोन पदरात टाकला. "दुकान राहील."

बाकावर टाळ्या पडल्या. रेडिओनं कंगवा काढून आभाराचं भाषण सुरू केलं, तर चार जण एकदम ओरडले, "माझा नंबर आधी होता!" आणि एक जण येऊन खुर्चीत बसला आणि स्वतःच्या सासऱ्यावर बोलायला लागला.

तेव्हापासून दुकान जोरात आहे. रेडिओ दिवसभर गप्प असतो. वाचवायला गेला तोंड, वाचलं दुकान. फायद्यातच आहे, पण बोलायची थकबाकी साचते. पुढच्याच आठवड्यात मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, तुमचं ऐकून डोळे उघडले. उद्यापासून आमच्या कारागिरांना बोलायची परवानगी देतोय."

"नका हो, मेव्हणे!" रेडिओ कळवळून म्हणाला. "निदान कोपऱ्यातल्या एका खुर्चीला तरी तो नियम ठेवा. मी दर सोमवारी येतो. पैसे देऊन येतो. फक्त तो पोरगा मधे बोलता कामा नये."